तीन पाकिटं, एकच औषध

पूनम दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली, "भाभी, उलटी थांबायची गोळी द्या. सासूबाईंना सकाळपासून चार वेळा झाली."

इफ्फतने ड्रॉवर उघडला, पण गोळी काढली नाही. तळवड्यात आयटी पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या मेडिकलमध्ये ती नऊ वर्षं बसत होती, आणि काहीही देण्याआधी दोन प्रश्न विचारायची तिची सवय गिऱ्हाइकांना माहीत होती. कुणाला ती आवडायची, कुणाला नाही. घाईतले लोक तिचा नवरा अजिम काउंटरवर असताना यायचे.

"खाल्लं काय होतं त्यांनी?"

"खाण्याचं काय विचारता. नवरात्राचे कडक उपवास चालू आहेत. सहावा दिवस आजचा. दोन वेळा बिनदुधाचा चहा आणि संध्याकाळी एक केळं. त्यात दाढ सुजलीये, त्यामुळे केळंही जात नाही."

"दाढेवर काय घेतात?"

"गोळ्या घेतात की. तुमच्याकडूनच नेल्या होत्या तीन-चार दिवसांपूर्वी, अजिमभाईंनी दिलेल्या. त्या मोठ्या पांढऱ्या."

पॅरासिटामॉल, साडेसहाशेची. इफ्फतने विचारलं, "दिवसाला किती?"

पूनमला सांगता येईना. सासूबाई स्वतःच्या हाताने घेतात, कुणाला विचारत नाहीत, एवढंच ती म्हणाली. मग आठवून आठवून तिने भर घातली, की नवऱ्यानेही, जयदीपने, त्याच्या कंपनीतून दातदुखीच्या काही गोळ्या आणून दिल्या होत्या. शिवाय वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी, तिने पण काहीतरी दिलं होतं.

इफ्फतने ड्रॉवर बंद केला आणि ओढणी सावरत काउंटरच्या बाहेर आली. मागे खोकी उघडत बसलेल्या अजिमला तिने सांगितलं, "मी शालनमावशींकडे जाऊन येते. तोवर साबण, बिस्किटं, डायपर वीक. गोळ्या कुणाला देऊ नकोस."

"फार्मसीत येऊन माणसं बिस्किटं नेणार का," अजिम पुटपुटला, पण उठून काउंटरवर बसला. भिंतीवरच्या परवान्यावर नाव इफ्फतचं होतं. दुकानाचा मालक कोण असं कुणी विचारलं की लोक अजिमचं नाव सांगत. त्या दोघांमध्ये मात्र त्याबद्दल कधी गोंधळ नव्हता.

शालनबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. कधीकाळी तिथे त्यांच्याच ज्वारीचं शेत होतं. आता तीन मजली इमारत होती, खाली घरची माणसं आणि वर नोकरदार भाडेकरू. शालनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पिवळा नव्हता, नुसता सुकलेला होता. एका गालावर सूज. समोर घट बसवलेला, दिवा तेवत होता.

"तू कशाला आलीस गं दुकान सोडून," त्या म्हणाल्या. "पित्त झालंय नुसतं. पोटात काई न्हाई म्हणून मळमळतंय."

"मावशी, गोळ्या कुठे ठेवता तुम्ही?"

गोळ्या उशाशी एका स्टीलच्या डब्यात होत्या. इफ्फतने त्या चटईवर मांडल्या. तीन वेगवेगळी पाकिटं होती. पहिलं तिच्याच दुकानातलं. दुसरं जयदीपने आणलेलं, त्यात आयबुप्रोफेन आणि जोडीला सव्वातीनशे पॅरासिटामॉल. तिसरं भाडेकरू मुलीने दिलेलं, सर्दी आणि डोकेदुखीचं. गालात ठणका मारतो आणि नाक चोंदल्यासारखं वाटतं असं शालनबाई म्हणाल्या म्हणून तिने बिचारीने प्रेमाने दिलं होतं. त्यातही पाचशे पॅरासिटामॉल. नावं तीन, रंग तीन, कंपन्या तीन, आणि आत औषध एकच.

"ही पांढरी किती वेळा?"

"दोन-दोन. तीनदा."

"ही?"

"जयदीप म्हणला चार घे दिसाला, तर चार."

"आणि ही सर्दीची?"

"ती पण चारच. का गं? येगयेगळ्या हायेत की. एकच दोनदा घेतली असती तर गोष्ट निराळी."

रिकामी झालेली खोलगट घरं इफ्फतने मोजली. तीन दिवसांच्या गोळ्या, शालनबाईंनी सांगितल्या तेवढ्याच. दिवसाला सात हजार दोनशे मिलिग्रॅम. तिने विचारलं, "मावशी, वजन किती तुमचं?"

उत्तर पूनमने दिलं. गेल्या महिन्यात सोसायटीच्या शिबिरात बेचाळीस भरलं होतं.

इफ्फतने आकडा फोनवर भागून पाहिला, खरं तर त्याची गरज नव्हती. एका किलोमागे एकशे एकाहत्तर. धोक्याची रेघ दीडशेला असते, आणि तीही धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसासाठी. उपाशी माणसाची रेघ आणखी खाली असते, कारण यकृत ज्या द्रव्याने या औषधाचं विष निपटतं ते द्रव्य अन्नातूनच तयार होतं. शालनबाईंनी सहा दिवस अन्न घेतलं नव्हतं.

"मावशी, आपल्याला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"घट बसल्यात. मी न्हाई कुठं जायची."

"माळ पूनमताई घालतील."

"अखंड दिवा हाय. घर सोडायचं न्हाई."

इफ्फत त्यांच्याजवळ चटईवर बसली. आवाज न चढवता म्हणाली, "आमच्यात रोज्याच्या महिन्यात आजारी माणसाला सूट असते. बरा झाल्यावर तेवढे दिवस भरून काढायचे. तुमच्या देवीला आईपण कळतं, तिच्याकडे सूट नाही असं मला वाटत नाही. मी उगाच घाबरवायला आले नाही. मी या एकाच गोष्टीवर दोन वर्षं काम केलंय, मावशी. मला माहितीये आत काय चाललंय."

शालनबाईंनी समोरच्या दिव्यात तेल घातलं. मग घटाला हात जोडले आणि पूनमला म्हणाल्या, "माझं लुगडं दे. ह्या साडीवर डाग हायेत."

रिक्षा रुपीनगर, त्रिवेणीनगर करत निगडीमार्गे आकुर्डीकडे निघाली तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. वाटेत इफ्फतने जयदीपला फोन केला. तो चाकणला एका प्रेसशॉपमध्ये क्वालिटी बघायचा. मशीनच्या आवाजात त्याला अर्धंच ऐकू गेलं, पण "आई" आणि "आकुर्डी" एवढं पुरेसं होतं.

इफ्फत "दोन वर्षं" म्हणाली ते खरंच होतं. लग्नाआधी एम. फार्म. करताना तिने उंदराच्या यकृतातल्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवल्या होत्या, त्यांना पॅरासिटामॉलचा मोठा डोस दिला होता आणि पुढे काय होतं ते तासातासाने टिपलं होतं. तिचा विषय होता सुपरऑक्साइड. श्वासातून येणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की होणारा, क्षणभर जगणारा पण उपद्रवी रेणू. प्रत्येक पेशीत तो थोडा थोडा होतच असतो आणि पेशी त्याला निस्तरतही असते. पण औषधाच्या विषाने पेशीतली ऊर्जेची केंद्रं बिघडली की तो ढिगाने होऊ लागतो, नायट्रिक ऑक्साइडशी मिळून आणखी जहाल होतो आणि पेशी आतून जळू लागते.

तिला त्या प्रयोगातली एक गोष्ट पक्की लक्षात राहिली होती. डोस दिल्यानंतर चार तासांनी साध्या प्रकाशात पेशी अगदी नीट दिसत. गोल, टवटवीत, कडा स्वच्छ. मग सुपरऑक्साइड दाखवणारा रंग टाकून दुसऱ्या प्रकाशात बघितलं की तीच ताटली लालभडक उजळायची. पेशी मरायला अजून आठ-दहा तास असायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिला वाटलं होतं आपलंच काहीतरी चुकलं. मग तिने तो प्रयोग सोळा वेळा केला. सोळा वेळा तेच दिसलं.

पुढे पीएच.डी. करायची होती, ती राहून गेली. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण रोज नाही.

आकुर्डीच्या त्या खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीला डॉ. दिग्विजय होते. तिशीच्या आतले, शांत, भरभर लिहिणारे. त्यांनी पोट तपासलं, रक्त पाठवलं, सलाइन लावलं. तासाभरात रिपोर्ट आला. एसजीपीटी, यकृताच्या पेशींतलं एन्झाइम, अठ्ठावन्न; चाळीसपर्यंत चालतं.

"थोडंसंच वाढलंय," ते पूनमला म्हणाले. "उपवासात पेनकिलर घेतलीये, त्याने जठराला सूज आली असणार. पित्ताचं इंजेक्शन देतो. संध्याकाळी बरं वाटलं तर घरी न्या. त्या गोळ्या बंद करा."

निदान काही वेडंवाकडं नव्हतं. आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी घेऊन उलट्या होणाऱ्या दहातल्या आठ जणांना हेच झालेलं असतं. इफ्फतने ते मनात मान्य केलं आणि पुढे झाली.

"डॉक्टर, दोन मिनिटं द्या. मी यांच्या घराजवळची फार्मासिस्ट आहे." तिने तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि शेजारी रिक्षात लिहिलेला हिशेबाचा कागद. "तीन दिवस, रोज सात ग्रॅम दोनशे. वजन बेचाळीस. सहा दिवस उपाशी. शेवटची गोळी आज सकाळी सातला."

डॉक्टरांनी कागद वाचला. पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली. "हे हिस्ट्रीत कुणी सांगितलं नाही मला."

"त्यांना हे एकच औषध आहे हे माहीतच नव्हतं. मलाही घरी जाऊन बघेपर्यंत माहीत नव्हतं. यातलं एक पाकीट माझ्याच दुकानातून गेलंय."

"पॅरासिटामॉल लेव्हल पाठवू आपण. ती बाहेर जाते, उद्या सकाळपर्यंत येईल. त्यावर ठरवू."

"एकदम घेतलेल्या डोसमध्ये लेव्हलवरून ठरवता येतं. हे तीन दिवस थोडं थोडं गेलंय, लेव्हल कमी आली तरी तिच्यावर विसंबता येणार नाही. आणि एसजीपीटी आज अठ्ठावन्न आहे तो पेशी फुटायला नुकती सुरुवात झालीये म्हणून. एन्झाइम रक्तात येतं ते पेशी फुटल्यावर. आधीचे काही तास पेशी बाहेरून छान दिसते. मी बघितलंय ते, डॉक्टर, सोळा ताटल्यांमध्ये. उद्या सकाळी हा आकडा हजारावर असेल. यावरचा उतारा, एन-अॅसिटिलसिस्टीन, आत्ता चालू केलं तर त्यांचं यकृत वाचेल. उगाच दिलं असं ठरलं तर फार काय होईल, अंगावर थोडं लाल उठेल, तेही तुम्ही सांभाळाल."

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. दुकानात जुन्या गिऱ्हाइकाला डोस समजावून सांगावा तसं ती बोलत होती. पूनम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तेवढ्यात जयदीप आला, कंपनीच्या गणवेशात, बुटांवर तेलाचे डाग. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"भाभी, डॉक्टर घरी न्या म्हणतात आणि तुम्ही नाही म्हणता?" तो चिडून नाही, गोंधळून बोलला.

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "मी म्हणालो होतो घरी न्या. थांबा जरा." ते फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेले, वरिष्ठांशी बोलले. पाचेक मिनिटांनी परत आले आणि सिस्टरला म्हणाले, "आयसीयूत बेड बघा. एनएसी चालू करायचंय, बेचाळीस किलोच्या हिशेबाने. आयएनआर पण पाठवा." मग इफ्फतकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. थांबण्यात अर्थ नाही."

रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये पहिल्या तासाला पुरतील एवढ्याच कुप्या निघाल्या. इफ्फतने अजिमला फोन लावला. चिंचवडच्या होलसेलरकडे काय माल असतो हे तिला तोंडपाठ होतं. "वीस घे. थंड पेटीची गरज नाही. दुकानाचं शटर ओढ आणि नीघ." अजिमने का, कशाला काही विचारलं नाही. पाऊण तासात तो हेल्मेट काखेत घेऊन आयसीयूच्या दारात उभा होता. पहिली बाटली तेव्हा संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसजीपीटी अकराशे चाळीस आला. डॉ. दिग्विजयनी आकडा स्वतः फोन करून इफ्फतला सांगितला. आवाजात ओशाळेपण नव्हतं, आदर होता, आणि तिला तेच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तीन हजार आठशे. डोळ्यांत पिवळेपणा उतरला. रक्त गोठण्याचा आकडा, आयएनआर, एक पूर्णांक नऊवर गेला. जयदीपने रात्र बाकावर बसून काढलेली दिसत होती. तो सकाळी दुकानात आला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"भाभी, वाढतच चाललंय. औषध चालू असून."

"वाढणारच होतं. जेवढ्या पेशी आधीच गेल्या होत्या त्यांचं एन्झाइम बाहेर येतंय. आता एसजीपीटी बघू नकोस. आयएनआर बघ. तो थांबला की समज यकृत कामाला लागलं."

"तुम्हाला खात्री आहे?"

"वेळेवर सुरू झालंय. मला खात्री आहे."

अजिमने नंतर तिला हळूच विचारलं, खरंच एवढी खात्री होती का. इफ्फत म्हणाली, "दहात नऊ. उरलेला एक त्याला सांगून त्याचं काय भलं झालं असतं?"

संध्याकाळी आयएनआर एक पूर्णांक सातवर होता. चौथ्या दिवशी एक पूर्णांक चार, आणि एसजीपीटी निम्म्यावर. त्या सकाळी शालनबाईंनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल, तर माळा नीट घातल्या का. पूनमने फोटो दाखवले. त्यांनी ते बारकाईने पाहिले आणि कालची माळ आखूड झाली म्हणून सुनेला बोलल्या. डॉ. दिग्विजय म्हणाले, आता काळजी नाही.

इफ्फत त्या दिवशी दुपारी भेटायला गेली. शालनबाई उशीला टेकून मऊ भात खात होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "आता मला सांग. गोळी तर दुखणं घालवायची असती. मंग तिनं आत केलं काय?"

इफ्फतला वाटलं दोन वाक्यांत सांगावं. पण शालनबाईंनी ताट बाजूला सारलं होतं, त्या ऐकायला बसल्या होत्या. मग तिने नीट सांगितलं, उंदरांच्या पेशींवर दोन वर्षं आपण हेच बघत होतो तेही. गोळीचा थोडा भाग यकृतात विष होतो, रोज होतो, आणि यकृत त्याला गुंडाळून बाहेर टाकतं. गुंडाळायला लागणारी वस्तू तुमच्याकडे उपासाने संपत आली होती. मग ते मोकळं विष पेशीच्या चुलीत शिरलं, जिथे अन्नाची ऊर्जा होते. चूल बिघडली, आणि श्वासातलाच ऑक्सिजन तिथे बिथरला.

"श्वासातला? म्हंजे ज्याच्यावर जगतो त्योच?"

"तोच. लोखंडाला गंज चढवतो तोही तोच."

"जयदीप सांगतो, त्यांच्या कंपनीत पत्र्याला तेल लावून ठिवत्यात गंजू नये म्हणून." त्यांनी विचार केला. "मंग हे बाटलीतलं औषध म्हंजे तेल का?"

"नाही. हे औषध म्हणजे ती संपलेली वस्तू परत तयार करायचं सामान. यकृताने स्वतःच तयार केली आणि स्वतःच निस्तरलं. आम्ही फक्त सामान वेळेत पोचवलं."

शालनबाईंना हे पटलेलं दिसलं. यकृताने स्वतः केलं, हा भाग त्यांना विशेष आवडला. मग म्हणाल्या, "तुजं पाकीट होतं त्यात, म्हणून आलीस व्हय धावत?"

इफ्फतने टाळलं नाही. "निघताना तो विचार नव्हता मनात. पण डब्यात दिसल्यावर लागलं मनाला. अजिमने विचारायला हवं होतं, आणखी काय घेता म्हणून. त्याला तसं मी शिकवायला हवं होतं."

"त्यानं इचारलं असतं तरी मी काई सांगितलं नसतं. मला काय ठावं त्ये एकच हाय म्हणून." त्यांनी तिचा हात हातात घेतला. कातडी अजून पिवळसर होती, पण पकड चांगली घट्ट होती. "तू दोन वर्सं त्या उंदरांच्या मागं घालवलीस, तुझी आई नावं ठिवत असंल."

"ठेवायची."

"आता सांग तिला माझं नाव."

इफ्फत उठली तेव्हा डॉ. दिग्विजय दारात थांबले होते. त्यांना एक बोलायचं होतं. वॉर्डात येणारे निम्मे म्हातारे पिशवीभर गोळ्या घेऊन येतात, तीन डॉक्टरांच्या, चार दुकानांच्या. ती पिशवी उघडून नीट वाचायला इथे कुणाला वेळ नसतो. व्यवस्थापनाशी त्यांचं बोलणं झालं होतं. आठवड्यातून तीन सकाळी तिने यावं, प्रत्येक नव्या रुग्णाची औषधं तपासावीत आणि ती केसपेपरवर लिहून द्यावीत. "क्लिनिकल फार्मासिस्ट" असं पद कागदावर होतं, माणूस नव्हता.

"माझं दुकान दहाला उघडतं," इफ्फत म्हणाली. "आठ ते साडेनऊ जमेल. पण एक अट आहे. मी लिहिलेलं डॉक्टरांनी वाचायचं. नुसतं फाइलला लावायचं नाही."

"मी वाचेन."

"तुम्ही वाचालच. बाकीच्यांचं सांगा."

ते हसले आणि म्हणाले, बाकीच्यांना ते सांगतील.

घरी अजिमने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मग सकाळचा चहा कोण करणार. तो त्यानेच करायचा असं ठरलं.

शालनबाई आठव्या दिवशी घरी गेल्या. दसरा होऊन गेला होता. महिन्याभराने, रिपोर्ट सरळ झाल्यावर, त्यांनी दाढ काढून टाकली. दंतवैद्याने चिठ्ठी लिहिली तेव्हा तिच्यातल्या प्रत्येक गोळीत काय आहे हे त्यांनी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, असं पूनम सांगत होती.

इफ्फतचा पहिला सोमवार कार्तिकातल्या थंडीत उजाडला. आकुर्डीला ती पावणेआठला पोचली. दुसऱ्या मजल्यावर सातव्या बेडवर कोंडीराम नावाचे एक सत्तरीचे गृहस्थ होते, देहूकडचे, पायाला सूज आली म्हणून दाखल केलेले. उशाशी कापडी पिशवी होती. केसपेपरवर औषधांच्या रकान्यात लिहिलं होतं, "नेहमीची चालू."

"काका, ती पिशवी जरा इथे ओता," इफ्फत म्हणाली आणि पेनचं टोपण काढलं.

"लई हायेत, बाई," कोंडीराम म्हणाले.

"मला वेळ आहे," इफ्फत म्हणाली, आणि चादरीची सुरकुती काढून तिने त्यांच्या पायाशी जागा केली.